अपघाताच्या दिवशीची नोंद : आरटीओतून गाडीचे आणि लायसन्सचे रेकॉर्ड काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका गृहस्थांनी २०१६ साली आपली मोटारसायकल जुन्या गाड्यांच्या दलालाला विकली. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, चावी दिली, पैसे घेतले. कशाचीही झेरॉक्स ठेवली नाही. आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे आणि तीत गाडीमालक म्हणून त्यांचे नाव आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत : गाडी आज कोणाच्या नावावर आहे, मधल्या वर्षांत काय काय झाले याचे सरकारी कागद, आणि अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स होते का. शिवाय कॅनडात राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला तिच्या भारतातल्या लायसन्सचा दाखला हवा आहे, तो कुठून मिळेल, असेही त्यांनी विचारले आहे.

मी वकील आहे आणि गेली वीसहून अधिक वर्षे मोटार अपघात दाव्यांचेच काम करतो. कधी जखमींच्या बाजूने, कधी गाडीमालकांच्या. आरटीओचे रेकॉर्ड लागत नाही असा माझा आठवडा जात नाही.

सगळ्यांत आधी एक सांगतो. 'गाडी मी कधीच विकली, माझा काय संबंध' असे म्हणून नोटीस बाजूला ठेवू नका. दिलेल्या तारखेला वकिलामार्फत हजर व्हा, नाहीतर दावा एकतर्फी चालेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. त्यामुळे तुमच्या बाबतीत खरा प्रश्न एकच आहे : अपघाताच्या दिवशी नोंदणी कोणाच्या नावावर होती?

'अपघाताच्या दिवशी' हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तुम्ही विचारले आहे की गाडी 'आज' कोणाच्या नावावर आहे. माझ्याकडे येणारे दहांतले नऊ जण हेच विचारतात आणि इथेच चुकतात. मोबाइलवर एमपरिवहन हे सरकारी अॅप उघडतात, नंबर टाकतात, दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि वकिलाला पाठवतात. त्या पडद्यावर आजची स्थिती दिसते. अपघात दोन वर्षांपूर्वी झाला असेल, तर मधल्या काळात मालक बदललेला असू शकतो, विमा नवा झालेला असतो, पासिंग नव्याने झालेले असते, कर्जाचा बोजा उतरलेला असतो. न्यायाधिकरणाला त्यातले काही नको असते. त्या एका तारखेला काय होते तेवढेच हवे असते. म्हणून अर्ज कुठेही करा, कसाही करा, त्यात तारीख लिहा.

एमपरिवहनवर मालकाचे पूर्ण नाव आता दिसतही नाही, मधली अक्षरे चांदण्यांनी झाकलेली असतात. त्याबद्दल लोक माझ्याकडे तक्रार करतात, पण मला ते योग्य वाटते. रस्त्यात दिसलेल्या नंबरवरून कोणालाही मालकाचे नावगाव कळू लागले, तर एखाद्या मुलीचा पाठलाग करणाऱ्याला ते सगळ्यांत आधी कळेल. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने २०१९ मध्ये 'वाहन' (गाड्यांच्या नोंदी) आणि 'सारथी' (लायसन्सच्या नोंदी) या दोन्ही संगणकीय यंत्रणांतली माहिती कंपन्यांना घाऊक विकण्याचे धोरण आणले होते. व्यापारी संस्थांसाठी वर्षाला तीन कोटी रुपये असा दर होता. खासगीपणाच्या मुद्द्यावरून ते जून २०२० मध्ये मागे घेतले. तेव्हापासून वारा उलट दिशेने वाहतो आहे. थोडक्यात, स्वतःचे रेकॉर्ड मिळवणे आता सोपे झाले आहे आणि दुसऱ्याचे मिळवायला कायद्याने मान्य केलेले कारण लागते.

कागदांची सुरुवात कोर्टातून करा

आरटीओत जाण्यापूर्वी दाव्याच्या सगळ्या कागदांची नक्कल मागून घ्या. तुम्ही सामनेवाले आहात, तुमचा तो हक्क आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्या सविस्तर अहवालात आरसी, विमा आणि चालकाचे लायसन्स यांची माहिती जोडलेली असते. तुम्ही जे शोधायला निघाला आहात त्यातले निम्मे तिथेच सापडते. सापडले नाही, तर काय सापडले नाही हे तरी कळते.

फिर्याद आणि पंचनामा हातात आला की गाडीचा नंबर बोट ठेवून वाचा. मी हे उगाच सांगत नाही. आपल्याकडे फिर्याद देवनागरीत लिहिली जाते आणि बऱ्याचदा सांगणारा घाबरलेला, लिहिणारा घाईत असतो. 'डीबी' चे 'डीव्ही' होते, 'जी' चे 'जे' होते, 'एन' चे 'एम' होते. माझ्या एका अशिलाला अशीच नोटीस आली होती. त्याची स्कूटर सहा महिने गॅरेजमध्ये इंजिन खोलून पडलेली होती आणि अपघात झाला होता शंभर किलोमीटरवर. पंचनाम्यातला चासी नंबर आणि त्याच्या आरसीवरचा चासी नंबर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. मालिकेतले एक अक्षर ऐकताना बदलले होते. चासी नंबर पंचनाम्यात असतोच असे नाही, पण आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने अपघातानंतर गाडी तपासली असेल, तर त्याच्या अहवालात बहुधा असतो. नंबर प्लेट बदलता येते, ऐकताना चुकते. चासीवर ठोकलेला नंबर सहसा खोटे बोलत नाही.

गाडीचे रेकॉर्ड

आता आरटीओ. परिवहन विभागाच्या पोर्टलवर वाहनविषयक सेवांत 'आरसी पार्टिक्युलर्स' अशी सेवा आहे. गाडीचा नंबर, चासीचे शेवटचे पाच आकडे आणि नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी यांवर ती चालते. फी किती ते पोर्टल सांगते. पावती डाउनलोड करून ठेवा, अर्ज क्रमांक वहीत उतरवा. तुमच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. इतक्या वर्षांनंतर ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला, तर गाडी अजून तुमच्याच नावावर असण्याची दाट शक्यता आहे. हा पुरावा नव्हे, पण पुढे काय वाढून ठेवले आहे याची ती खूण आहे.

पोर्टलवरून निघालेला उतारा बहुधा सध्याच्या स्थितीचा असतो. तुम्हाला हवा आहे नोंदीमागून नोंदीचा इतिहास. त्यासाठी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो आणि आवक शाखेत त्याची पोच घ्यावी लागते. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. अर्ज साधा असावा. मी साधारण असा लिहितो :

"वरील क्रमांकाचे वाहन माझ्या नावावर नोंदलेले होते. सदर वाहनाबाबत मूळ नोंदणीपासून आजपर्यंतच्या सर्व नोंदी, म्हणजे मालकी हस्तांतरण, बोजा चढवणे व उतरवणे, पत्ता बदल, ना-हरकत प्रमाणपत्र, यांचा तारीखवार तपशील व अमुक तारखेस (अपघाताची तारीख) नोंदणी कोणाच्या नावे होती याचा साक्षांकित उतारा मिळावा. माझ्याविरुद्ध मोटार अपघात दावा प्रलंबित असून त्यात दाखल करण्यासाठी तो आवश्यक आहे. नोटिशीची प्रत जोडली आहे."

'वाहनाची माहिती मिळावी' एवढेच लिहिलेत, तर एका पानाची छापील माहिती हातात पडते आणि तुम्ही पुन्हा रांगेत. 'तारीखवार' आणि 'साक्षांकित' हे दोन शब्द सोडू नका. सरकारी दस्तऐवजाची साक्षांकित प्रत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ खाली मिळते आणि तीच पुराव्यात चालते. संगणकातून काढलेला उतारा असेल तर त्याच अधिनियमातल्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून पूर्वी याला सगळे पासष्ट-बी म्हणत, बरेच जण अजूनही म्हणतात.

कोणत्या कार्यालयात जायचे? एमएच १५ म्हणजे नाशिक, एमएच १२ पुणे, एमएच ३१ नागपूर, हे सगळ्यांना पाठ असते. पण नंबरातला आकडा गाडीची पहिली नोंदणी कुठे झाली तेवढेच सांगतो. गाडी ना-हरकत घेऊन जालन्याला किंवा परराज्यात गेली असेल, तर पुढच्या नोंदी तिथे. कार्यालयांची विभागणी झाली की आणखी गुंता होतो. बोरिवलीचे एमएच ४७ सुरू होण्यापूर्वीच्या तिथल्या गाड्यांचे जुने कागद अंधेरीला विचारावे लागतात. म्हणून आधी मूळ कार्यालयात विचारा, आणि 'ना-हरकत गेली' असे उत्तर आले तर कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयाकडे, हे लिहून घ्या.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत संगणकाच्या मागे अजूनही कागद असतो. एकदा एका रेकॉर्ड रूममध्ये मी तिथल्या कर्मचाऱ्याबरोबर दोन तास बसलो होतो. हातभर लांबीचे नोंदणी रजिस्टर, कण्याला कापडी पट्टी, पाने कडेने कुरतडलेली. एका गाडीला अर्धे पान. वरती निळ्या शाईत पहिला मालक, त्याखाली बँकेच्या बोज्याचा शिक्का, त्यावर तिरकी रेघ मारून 'रद्द', खाली लाल शाईत दुसरा मालक आणि तारीख. संगणकात मात्र एकच मालक दिसत होता. जुन्या नोंदी संगणकात भरताना कोणीतरी मधली लाल ओळ सोडून दिली होती. त्या एका ओळीने एका निवृत्त शिक्षकाच्या मागचा दावा सुटला. त्या कर्मचाऱ्याने खुर्चीवर चढून ते रजिस्टर काढले नसते, तर तो सुटला नसता. म्हणून पडद्यावर 'दिसत नाही' असे ऐकलेत, तर मूळ रजिस्टर पाहून उत्तर द्यावे अशी लेखी विनंती करा.

तुमच्या फॉर्म २९ चे काय झाले हा वेगळा प्रश्न. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत हस्तांतर कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत, असे कलम ५० सांगते. दलाल मंडळी सह्या केलेले फॉर्म खणात ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत दाखल करत नाहीत. तुमचे फॉर्म तसेच पडून राहिले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. हे मन घट्ट करून ऐका, कारण पुढची तयारी त्यावर ठरते.

माहितीचा अधिकार कुठे चालतो, कुठे नाही

'माहिती अधिकारात अर्ज टाकतो आणि मालकाचे नाव काढतो' असे तुम्ही लिहिले आहे. नाही मिळणार. दुसऱ्याचे नाव, पत्ता, लायसन्स ही वैयक्तिक माहिती. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) खाली ती नाकारतात, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने ते कलम आणखी आवळले आहे. पण हाच अर्ज स्वतःबद्दल केलात तर उपयोगी पडतो. 'मी सही केलेला फॉर्म २९ या कार्यालयात दाखल झाला का, झाला असल्यास कोणत्या तारखेला, नसल्यास तसे कळवावे' असे विचारा. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तरासाठी ३० दिवस. 'असा अर्ज आढळून येत नाही' असे उत्तर आले तरी ते जपा. निदान आपण नेमके कुठे उभे आहोत ते कागदावर येते.

दुसऱ्याची माहिती मिळण्याचा रस्ता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० मधून जातो. भरपाई मागणारा जखमी किंवा मृताचे वारस आणि विमा कंपनी यांनी मागितल्यास नोंदणी अधिकाऱ्याने आणि पोलिसांनी फी घेऊन वाहनाची आणि ते वापरणाऱ्याची माहिती द्यायची असते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात अपघात झाला असेल, तर अर्जात हे कलम ठळक लिहा. आणि दाव्यासाठी कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून रेकॉर्ड हाती येईपर्यंत थांबू नका.

तुम्ही या कलमात बसत नाही, पण तुमच्यासाठी न्यायाधिकरण आहे. कलम १६९ ने त्याला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. तुमच्या वकिलांना अर्ज करायला सांगा : आरटीओच्या संबंधित कर्मचाऱ्याने मूळ रेकॉर्डसह हजर राहावे. शिवाय दलालाला आणि ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याला दाव्यात सामील करून घेण्याचा अर्ज.

या सगळ्या धावपळीत विमा विसरू नका, तुमच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आधार आहे. अपघाताच्या दिवशी गाडीला थर्ड पार्टी विमा होता का? असेल, तर भरपाईचा भार प्रथम विमा कंपनीवर जातो. गाडी विकली म्हणून विमा संपत नाही. कलम १५७ प्रमाणे तो गाडीबरोबर घेणाऱ्याकडे गेला असे धरले जाते. वाहन पोर्टलवर आजची पॉलिसी दिसते, जुनी तिच्याखाली झाकली जाते. विम्याची माहिती गोळा करणाऱ्या विमा माहिती ब्युरोच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि अपघाताची तारीख टाकून त्या दिवशीची पॉलिसी शोधता येते. हे आजच रात्री करून पाहा.

चालकाचे लायसन्स

लायसन्सचे रेकॉर्ड सारथीत असते आणि तिथे 'डीएल एक्स्ट्रॅक्ट' अशी सेवा आहे, पण ती ज्याचे लायसन्स त्याच्यासाठी. चालकाचे रेकॉर्ड तुम्हाला न्यायाधिकरणामार्फतच मागवावे लागेल. लायसन्सचा नंबर पोलीस कागदांत असतो. एमएच, कार्यालयाचे दोन आकडे, चार आकडी वर्ष, मग सात आकडी क्रमांक. सात आकड्यांत एखादे शून्य गाळले गेले की 'असे लायसन्स नाही' असे उत्तर येते आणि चालक बिनलायसन्सचा ठरतो. मोजून पाहा.

इथेही तारखेचाच खेळ आहे. २०१७ मधल्या एका अपघातात विमा कंपनीचे म्हणणे होते की चालकाचे लायसन्स संपलेले होते. त्याच्या खिशातल्या कार्डावर नूतनीकरणाची तारीख अपघातानंतरची होती, म्हणजे वरवर पाहता त्यांचे खरे. आम्ही उतारा मागवला. जुनी मुदत अपघाताच्या १९ दिवस आधी संपली होती. त्या वेळच्या कलम १४ प्रमाणे मुदत संपल्यावरही लायसन्स ३० दिवस वैध धरले जाई. मुद्दा संपला. २०१९ च्या दुरुस्तीने ही ३० दिवसांची सवलत काढून टाकली आहे, म्हणून त्यानंतरच्या अपघातात हाच युक्तिवाद चालणार नाही. मोटारसायकलला लागू नाही, पण रिक्षा-टेंपोवाल्यांनी माहीत ठेवावे असे आणखी एक : ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहतूक गाड्या चालवायला हलक्या वाहनाच्या लायसन्सवर वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे.

चलनांची यादी आरटीओकडे मागू नका, ती वाहतूक पोलिसांच्या ई-चलन यंत्रणेत असते. तुम्ही गाडी विकल्यानंतरची चलने तुमच्या नावावर दिसत असतील, तर ती काढून ठेवा. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला गाडी फिरत होती हे त्यावरून कळते, फोटोत कधी चालवणाराही दिसतो. फक्त व्हॉट्सअॅपवर आलेली 'आरटीओ चलन' नावाची फाइल उघडू नका. तशा फायलींतून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपत असेल तरच पुढे जा.

बहिणीचे लायसन्स

परदेशात ज्याला 'ड्रायव्हिंग रेकॉर्ड' म्हणतात, म्हणजे गुण, गुन्हे, अपघात यांचा तक्ता, तसा कागद आपल्याकडे निघत नाही. डीएल एक्स्ट्रॅक्टमध्ये लायसन्स कधी दिले, कोणत्या वर्गाचे, कधीपर्यंत, एवढे असते. तिथल्या कार्यालयाला बहुतेक वेळा तेवढे पुरते, कारण त्यांना अनुभवाची वर्षे मोजायची असतात. ऑन्टारियोसारख्या प्रांतात जास्त वर्षांचा अनुभव धरून घ्यायचा तर मूळ देशाकडून खातरजमेचे पत्र लागते. भारतीय वकिलाती सारथीतली नोंद पाहून असे पत्र देतात, त्यामुळे तिने आधी तिथे चौकशी करावी.

अडचण येते ती पहिल्या तारखेची. नूतनीकरणानंतरच्या कार्डावर अलीकडची तारीख ठळक असते आणि बारा वर्षांचा अनुभव दोन वर्षांचा दिसतो. उताऱ्यावर 'प्रथम दिल्याची तारीख' आली आहे का ते बघून घ्या. तिचे पहिले लायसन्स हाताने लिहिलेले, पुस्तकी असेल, तर ते कदाचित सारथीत नसेलच. मग ते देणाऱ्या कार्यालयात मूळ रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात भरून, घ्यावी लागते. अर्ज, तिचे अधिकारपत्र आणि जुन्या पुस्तकाच्या प्रती घेऊन तुम्हीच जा. कार्यालयाने तिला स्वतः यायला सांगितले, तर तेही लेखी घ्या, म्हणजे सुट्टीचे तिकीट त्याप्रमाणे काढता येईल. आणि तिला आजच फोन करा : जुने पुस्तक घरात कुठे असेल तर शिक्क्याचे पान आणि फोटोचे पान, दोन्हींचा फोटो पाठव आणि पुस्तक टाकू नकोस.